कुरखेड्यात संकेत नाही

"फिरायला चाललीस की कामाला?" असं घरी विचारलं तेव्हा मी "दोन्ही" म्हणाले. हे उत्तर खरं होतं की नुसतं सोयीचं, हा प्रश्न पुण्याहून निघाल्यापासून चंद्रपूर येईपर्यंत मला छळत होता. शेवटी मी स्वतःशी असं ठरवलं, की जाताना काम आणि येताना फिरणं. प्रत्यक्षात झालं भलतंच. मी एका लग्नाच्या बोलणीत सापडले, आणि तेही पुरावा म्हणून.

आधी माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. आपण आणि शेजारचे चार देश मिळून डिजिटल टीव्हीसाठी एकच तांत्रिक मानक ठरवतो आहोत. सीमेच्या अलीकडे घेतलेला डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, पलीकडेही चालावा, आणि नदीला पूर आला तर इशारा दोन्ही काठांवरच्या घरांत सारखाच दिसावा, असा त्यामागचा विचार. लहरी आणि वारंवारता मोठी माणसं बघतात. माझ्याकडे आहेत ते पडद्यावर उमटणारे संदेश. 'नो सिग्नल'ला काय म्हणायचं, यासारखे.

हसू नका. या दोन शब्दांवर आमच्या बैठकांवर बैठका झाल्या. अखेर 'संकेत' हा शब्द पुढे आला. मराठीत संकेत, हिंदीत संकेत, नेपाळीत संकेत, बंगालीतही तोच. श्रीलंकेच्या सदस्यांनी त्यांचा शब्द वेगळा असल्याचं नम्रपणे सांगितलं, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. बांगलादेशच्या बाई तेवढ्या गोड हसल्या आणि गप्प राहिल्या. ते मी संमती म्हणून नोंदवलं.

आता हे डबे दाट जंगलात कसे चालतात ते बघायचं होतं. सागाचं पान म्हणजे जेवणाचं ताट. पावसाळा सरताना अशी लाखो ताटं ओली होऊन उभी असतात आणि लहरी गिळतात. चाचणीसाठी आलापल्लीचं नाव निघालं आणि माझे कान टवकारले. नागपूरच्या होस्टेलमधली माझी खोलीसोबतीण वंदना आता कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचा मुलगा आलापल्लीला वनरक्षक. एक डबा तिच्या घरी लावून बघायची मी रीतसर परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावर इतकी खूश झाले की परवानगीमागचा हेतू शुद्ध आहे का अशी मलाच शंका आली.

मुलाचं नाव सांगायचं राहिलं. संकेत. मी त्याला त्याच्या बारशापासून ओळखते. तरीही एवढ्या बैठकांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिकलेल्या माणसाचं डोकं कुठे आणि कसं बंद पडतं, याचा हा नमुना.

चंद्रपूरला उतरलात तर आधी तर्री पोहे खा आणि मग सांबारवडी. पुण्याच्या वाचकांसाठी खुलासा: इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर काय येतं ते विचारू नका, लोक कीव करतात. आलापल्लीला जायला सकाळची एसटी पकडा. दुपारी गाडी आहे असं सगळेच सांगतात. ती कधी आहे हे कोणीच सांगत नाही. गोंडपिपरीपर्यंत रस्ता शहाण्यासारखा वागतो. वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी गाठली की खनिजाचे ट्रक सुरू होतात, आणि मग खड्ड्यांमध्ये रस्ता शोधावा लागतो. शेजारच्या बाई माझ्या मांडीवरच्या अँटेनाकडे बराच वेळ बघत होत्या. मोठ्या मासोळीच्या काट्यासारखा दिसतो तो.

"काय होय जी हे?"

"टीव्हीचा अँटेना."

"छत्री नाई लावत का तुमच्या इकडं?"

छत्री म्हणजे डिश. मी भूमीवरून होणारं प्रक्षेपण आणि उपग्रहावरून होणारं यातला फरक समजावून सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे छत्री परवडली नाई."

आलापल्लीला संकेत मोटारसायकल घेऊन आला. उंच, काटक, उन्हानं रापलेला, आणि आईसारखाच गालातल्या गालात हसणारा. संध्याकाळी सागाच्या रांगांत आम्ही छोटा पडदा आणि डबा मांडला. जुना साग कधी पाहिला नसेल तर इथे जरूर या. मान वर करून बघताना टोपी पडते. डब्यानं थोडा विचार केला आणि पडद्यावर शब्द आले: 'संकेत कमजोर.'

पोरगा वाकून बघत राहिला. "मावशी, हे मशीन मले ओळखते का?"

मी हसले. अगदी मोकळेपणानं. मग तोही हसला, आणि मग एकदम गंभीर झाला.

"मावशी, रविवारी पोरीकडचे घर पाहाले येऊन राह्यले. मागं आई-बाबा पोरगी पाहाले गेले तवा मी वाघाच्या ड्यूटीवर होतो. पोरीचा बाप म्हणते, जो पोरगी पाहाले येत नाई तो लग्नाले तरी येईन का? पोरीशी फोनवर बोलणं हाय, फोटो पाह्यला, पण समोरासमोर नाई. या खेपेले नाई पोचलो तं संपलंच."

"तुला ती आवडली आहे?"

त्यानं डब्याची वायर विनाकारण सोडली आणि पुन्हा लावली. एवढं उत्तर मला पुरलं.

त्याला रजा रविवारचीच मिळाली होती. मी शनिवारी पुढे निघाले. गडचिरोलीला गाडी बदलायची, स्टँडसमोर गरम आलूबोंडे खायचे, आणि आरमोरी-वडसा करत कुरखेडा. धानाच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वासच वास. अशा वेळी खिडकीजवळ बसलं तर कुठलंही मानक आठवत नाही. अँटेनाही आठवत नाही. तो आलापल्लीच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात राहिला, हे वंदनाच्या दारात उतरल्यावर कळलं.

"काळजी करू नका मावशी," संकेत फोनवर म्हणाला. "मी येतोच हाय, संगं आणतो."

रविवारी सकाळी वंदना लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती आणि तिचे यजमान सुधाकरभाऊ माझ्या डब्याभोवती घिरट्या घालत होते. नव्या टीव्हीचा पाहुण्यांवर प्रभाव पडावा, अशी त्यांची इच्छा. अँटेना नाही म्हटल्यावर त्यांनी वायरचं टोक थेट अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडलं. मी म्हटलं, हे मानकात बसत नाही. ते म्हणाले, "बाई, तार हाय ना? मंग?" आणि चित्र आलं! कबड्डीचा जुना सामना, थोडा थरथरणारा. जंगलाच्या कडेला, कपड्यांच्या तारेवर. मी मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्यही रचलं.

तेवढ्यात संकेतचा फोन. वडसाजवळ बस पंक्चर. आणि त्याच्या पाठोपाठ पाहुण्यांची गाडी दारात.

"जयभीम, जयभीम, या." मुलीचे वडील, आई आणि स्वतः मुलगी, तिनं हट्टानं यायचं ठरवलं होतं. वडील भारदस्त, जुने कबड्डीपटू. खुर्ची त्यांनी बरोबर टीव्हीसमोर ओढली.

"पोरगा कुठी हाय जी?"

"येऊनच राह्यला," सुधाकरभाऊ म्हणाले. "गाडी पंक्चर झाली."

"मागच्या खेपेले वाघ, या खेपेले पंक्चर. पुढच्या खेपेले काय, भूकंप?"

बाहेर वारा आला. तारेवरची चादर हलली. कबड्डी थिजली आणि निळ्या पडद्यावर ठसठशीत अक्षरं आली: 'संकेत नाही.'

"हे तं टीव्हीबी सांगून राह्यला," वडील म्हणाले.

सुधाकरभाऊ "एक मिनिट जी" म्हणत अंगणात धावले. त्यांचा स्वभाव असा, की वस्तू चालत नसेल तर ती हलवायची. ते तार हलवू लागले, आणि दर हिसक्याला माझा डबा इमानदारीनं नवी माहिती देऊ लागला.

"नोकरी परमनंट हाय ना?" वडिलांनी वंदनाला विचारलं.

"हो जी, एकदम परमनंट."

'संकेत अस्थिर.'

वंदना वड्यांचं ताट घेऊन टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली. पण पडदा मोठा आणि वंदना बारीक.

"तब्येतीनं कसा हाय? फोटोत काई समजत नाई."

"दिवसभर जंगलात पायी फिरते. कमजोर माणसाचं काम होय का ते?"

तिच्या डाव्या खांद्यावरून वडिलांनी वाचलं, तिच्या उजव्या खांद्यावरून मी. दोन्हीकडून तेच लिहिलं होतं.

हे सगळं मी लिहिलं होतं. 'कमजोर' हिंदीत आणि नेपाळीतही चालतं म्हणून मीच 'कमकुवत'ला हरवून ते निवडून आणलं होतं. मला वाटलं, उठावं आणि डबा बंद करावा. पण तो बंद करायचा तर वंदनाला बाजूला सारावं लागणार. एवढ्यात सुधाकरभाऊंनी बाहेर जोराचा हिसका दिला असावा, कारण पडद्यावर दोन ओळींचा मोठा संदेश उमटला, आणि वंदनाही वळून बघू लागली.

वडील सावकाश, शाळेत धडा वाचावा तसे, मोठ्यानं वाचू लागले: "संकेत शोधत आहे. कृपया प्रतीक्षा करा."

सगळ्यांच्या माना मुलीकडे वळल्या. मला कळेना, यात एवढं काय. मग मुलीची आई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "अगंबाई प्रतीक्षा, हे तं तुह्यं नाव!"

वंदना आणि संकेत, दोघंही माझ्याशी बोलताना नुसतं 'पोरगी' म्हणत होते. नाव मी विचारलं नव्हतं. तुम्हाला हे बनावट वाटेल. मला वाचायला मिळालं असतं तर मलाही वाटलं असतं. पण त्या वयाच्या पोरांत दर आळीला एक संकेत आणि एक प्रतीक्षा असतेच. आणि आपल्याकडे पोरगी 'करतात', सून 'करतात'. पाच देशांच्या तज्ज्ञांनी पारखून घेतलेलं माझं वाक्य मुलीच्या बापासमोर उभं राहून सांगत होतं: पोरगा पोरगी शोधतोय, हीच करा.

वडिलांचा चेहरा लाल झाला. "हे तुमी मुद्दाम लावलं! दबाव टाकून राह्यले का आमच्यावर? कोण लिहिते हे?"

वंदना माझ्याकडे बघेना, हा तिचा मोठेपणा. मीच हात वर केला. "मी लिहिते. पण माझ्या एकटीचं नाही ते. पाच देशांनी मिळून ठरवलंय."

"पाच देशांनी?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "माह्या पोरीच्या लग्नासाठी?"

तेव्हा प्रतीक्षा हसली. आधी दाबून, मग अजिबात न दाबता. गडचिरोलीत लॅब टेक्निशियन आहे ती. रक्त काढायचं म्हटलं की बेशुद्ध पडणारी माणसं बघून तिला अशा प्रसंगांची सवय असावी. "बाबा, बसा न. टीव्हीनं कृपया म्हटलं, दबाव कुठी टाकला?"

बाप बसला, पण वड्याला हात लावेना. आम्ही सगळे निळ्या पडद्याकडे बघत, अक्षरशः, प्रतीक्षा करत राहिलो. दाराशी एका ट्रॅक्टरची घरघर थांबली. संकेत वडसापासून मिळेल ते वाहन पकडत आला होता; केसांत धूळ, हातात माझा तो मासोळीचा काटा.

"जयभीम जी. उशीर झाला." आणि पुढे काय बोलावं हे न सुचून त्यानं अँटेना पुढे धरला.

"मासे धराले गेल्ता का?" वडील म्हणाले.

"नाई जी. याच्याशिवाय सिग्नल लागत नाई."

सुधाकरभाऊंनी तो त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि ते छपरावर चढले. सगळे वर बघत होते, मी खाली. अंगणात तारेपाशी प्रतीक्षा संकेतला म्हणत होती, "टीव्ही तुमाले कमजोर म्हणत होता, अस्थिरबी. कमजोर तं नाई दिसत तुमी."

"अस्थिर?"

"ते पाहू."

आत पडद्यावर 'संकेत मिळाला' असं आलं आणि कबड्डी लखलखीत सुरू झाली. वडिलांनी एक वडा उचलला. निघताना मात्र त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "कळवतो" म्हणाले. वंदनाचा चेहरा उतरला. मला एसटीत रात्री जेवण गेलं नाही.

पुण्यात आल्यावर खरी पंचाईत. एका घरातल्या गमतीसाठी पाच देशांनी मान्य केलेला शब्द पुन्हा उकरावा का? माझ्या मैत्रिणीचा मुलगा म्हणून मला हे मोठं वाटतंय का? दोन दिवस स्वतःशी भांडून मी बैठकीत सगळी हकीकत सांगितली. नेपाळचे सद्गृहस्थ डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांचा पुतण्याही संकेत निघाला. मग बांगलादेशच्या बाई पहिल्यांदा सविस्तर बोलल्या. त्यांच्या किनाऱ्यावर 'संकेत' म्हटलं की लोकांना वादळाचा इशारा आठवतो. उद्या घोंघावणाऱ्या वाऱ्यात पडद्यावर 'संकेत नाही' दिसलं, तर लोक वादळ नाही असं समजून घरातच बसतील.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही सगळे फार आनंदात होता," त्या म्हणाल्या.

त्यांचं ते गोड हसू मी संमती म्हणून नोंदवलं होतं. कुरखेड्याला बस पंक्चर झाली नसती तर ते तसंच राहिलं असतं. हे माझ्याबरोबर राहिलंय, सागापेक्षा आणि धानाच्या वासापेक्षाही जास्त. शब्द बदलला. आता तिथे 'सिग्नल' आहे, जो संकेत स्वतः पहिल्यापासून म्हणत होता.

मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुठल्या संदेशावर हरकत? आलापल्लीपासून पुण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर स्वतःची उलटतपासणी घेणारी मी, दुसऱ्या ओळीबद्दल मात्र तोंडातून ब्र काढला नाही. 'कृपया प्रतीक्षा करा' एकमतानं कायम झालं.

बैठक संपते न संपते तोच वंदनाच्या घरून फोनवर निरोप आला. सुधाकरभाऊंनी पाठवलेला, एकाच शब्दाचा:

"केली."