खापरं वेचायला गेलो नि हायवे काढून आलो

दिवाळीनंतर लोक कोकणात जातात. मी धारूरला गेले, खापरं वेचायला! माझी मावसबहीण रेखा पीएचडीसाठी तिथल्या किल्ल्याबाहेरच्या जुन्या बाजारपेठेचा माग काढते आहे. तिच्या मते ती पेठ पार शेजारच्या गावापर्यंत पसरली होती. तिच्या सरांच्या मते ती फक्त रेखाच्या डोक्यात पसरली आहे. या खेपेला पुरावा मिळाला नाही तर विषय बदल, असं त्यांनी सुनावलं होतं. मी म्हणजे फुकटची हमाल.

माजलगावहून एसटी घ्या. उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत घाट चढताना बालाघाट आरामात बघून होतो. लॉजची खोली पाचशेला. गरम पाणी कायम 'येतंय'. समोरच्या खानावळीतली बाजरीची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी मात्र झकास, तिथे माझीही जीभ गप्प.

सर्वेक्षण म्हणजे काय, तर वावरात सरळ रेषेत झेंड्या रोवायच्या, मान खाली घालून चालायचं आणि दिसेल ते खापर पिशवीत टाकायचं. परवानगी फक्त वरवरचं वेचण्याची, खुरपंसुद्धा घालायचं नाही. पहिल्या दिवशी आम्हाला कंबरदुखी आणि चहाच्या कपाचा एक कान सापडला. शेताच्या मालकीण गयामावशी बांधावरून बघत होत्या.

"रोड कुठून जानार हाय, ताई?"

"रोड नाही मावशी. जुनी खापरं शोधतोय," रेखा म्हणाली.

"मंग ह्या झेंड्या कावून? आमी काय येडे हाव? समदे आदी असंच म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर काय, झेंड्यांच्या दोन्ही अंगाला खड्डेच खड्डे आणि प्रत्येकाशेजारी डाळिंबाचं रोप! ज्यांना उमगलं नसेल त्यांच्यासाठी: रस्त्यात जमीन गेली की फळझाडांचा मोबदला वेगळा मिळतो.

पण उकरलेल्या मातीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते, मणी होते, आणि तळाशी झिजलेल्या फरश्या. एका खड्ड्यात, पुढच्यात, त्याच्याही पुढच्यात. रेखा खड्ड्याकाठी बसून फरश्या मोजायला लागली.

"पेठेतला रस्ता आहे गं हा!"

मला इतका आनंद झाला की लगेच शहाणपणा सुचला. "आधी फोटो काढ. मावशींना आत्ता काही बोलू नकोस, बुजवून टाकतील."

रेखा उठली आणि सरळ सांगून मोकळी झाली. "मावशी, हायवे खरंच नाही. रोपं उगाच आणलीत तुम्ही. हा खालचा रस्ता आहे तो जुना, किल्ल्याच्या काळातला."

मावशी खड्ड्यात डोकावल्या.

"म्हंजी रोड गेलाच की आमच्या वावरातून! त्याचा मोबदला कुनी खाल्ला?"

रेखाने पिशवीतून फोन काढला. "काढा फोटू," त्या म्हणाल्या. "मंग बुजविते."

घरी आलो. सरांनी फोटो बघून रेखाला तिची पेठ बहाल केली, पण निम्मीच; उरलेलीचा पुरावा आण म्हणाले. रेखाच्या त्या भोळेपणाचा मला रागही आला आणि, खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. आणि मग मावशींचा फोन.

"ताई, शेजारचा लई रोपं आनून बसलाय. मी सांगितलं रोड न्हाई म्हनून. तो म्हनतो, तुलाबी असंच सांगितलं व्हतं, निघालाच की रोड!"

रेखा दुसऱ्याच दिवशीच्या एसटीने गेली, त्याला खड्डे खणू नको म्हणून सांगायला. तिच्या हिशेबाने उरलेली पेठ त्याच्याच वावराखाली आहे.