आमच्या गल्लीसमोरचा कठडा

रस्ता रुंद करायला आलेल्या साहेबानं मला फसवलं, आणि माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून आमच्या दुकानांची अख्खी ओळ फसली. हे आधीच सांगून टाकते. कारण नंतर लोक म्हणतात, बाई, यात फसवणूक कसली, शहर वाढतं तसे रस्ते वाढतात. माझा जन्म घासाघीस करण्यात गेला आहे. सौदा न जमणं वेगळं आणि फसवणूक वेगळी, हे मला कोणी शिकवायला नको.

मी भांडी विकते. आज नागपुरात, सदरला, माझं दुकान आहे. सुरुवात डोक्यावरच्या टोपलीपासून झाली. लग्न मोडून मी मायकडे परत आले तेव्हा ती दारोदार फिरून जुने कपडे घ्यायची आणि त्यावर भांडी द्यायची. मीही तिच्या मागं निघाले. धरमपेठ, सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, सगळं पायानं. बायका विटलेलं लुगडं आणून पुढ्यात टाकायच्या आणि स्टीलच्या डब्यावर बोट ठेवायच्या. मी उठून टोपली उचलायला लागले की म्हणायच्या, "थांब वं, एवढी काय तापली?" मी तापतेच. तापल्याशिवाय मला सौदा करता येत नाही.

डोक्यावर ओझं असलं की शहर वेगळं कळतं. कुठल्या वेळी कुठल्या बाजूला सावली पडते, कोणत्या बंगल्याचा माळी पाणी देतो, कोणाचा कुत्रा सुटा असतो. पण सगळ्यात मोठी अडचण टोपली उतरवायची. चढवायला आम्ही दोघी होतो, पण उतरवायची वेळ यायची तेव्हा माय एका दारात आणि मी दुसऱ्या दारात. मग रस्त्यावर उभं राहून "हात लाव वं बाई" म्हणत कोणाची तरी वाट पाहायची. एखाद्या घराचा ओटा छातीइतका उंच असला की मला तो देवळासारखा वाटायचा. नुसतं पाठमोरं व्हायचं, गुडघ्यात थोडं वाकायचं आणि ओझं सरकवून द्यायचं. कोणाला विनवणी नाही.

म्हणून दुकान घेतलं तेव्हा मी पुढं ओटा बांधून घेतला. खालची पायरी बसायची आणि वरची चांगली छातीइतकी उंच. गवंडी हसला. "हा कायचा ओटा बाई? याच्यावर ना बसता येत, ना चढता येत."

"तुले कोण चढ म्हणते?" मी म्हटलं. "ओझं उतरवायले आहे."

काटोलच्या बसनं संत्री घेऊन येणाऱ्या बायकांना तो बरोबर कळला. पहिल्याच मोसमात टोपल्या येऊन टेकू लागल्या. खालच्या पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. ऑफिस सुटलं की सायकलवाले खाली न उतरता एक पाय त्या पायरीवर टेकवून, दुसरा पायडलवर ठेवून गप्पा मारत राहायचे. कळमेश्वरच्या कारखान्यात कोणाचा पोरगा लागला, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं तिथं कळायचं. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "ताई, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी अन् पाहुणे जास्त." जळत होता. त्याच्या दुकानापुढं कोणी थांबत नव्हतं.

या सगळ्याच्या मधोमध माय. आमचं घर रस्त्यापलीकडच्या गल्लीत, दुकानाच्या अगदी समोर. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली तर दुकानात ऐकू यायची. टोपलीनं तिचे गुडघे खाल्ले होते, तरी संध्याकाळी उन्हं उतरली की ती एकटी रस्ता ओलांडून यायची. कोणी हात धरलेला तिला खपायचा नाही. ती थांबायची नाही, पळायची नाही, आपल्या चालीनं चालत राहायची आणि सायकली दोन्ही बाजूंनी निघून जायच्या. ओळखीचा एखादा कारकून घंटी वाजवून म्हणायचा, "सांभाळून वं माय!"

"तू सांभाळ गा! तुह्या सायकलले ब्रेक नाई."

मग पायरीवर बसून ती माझ्या धंद्यात लक्ष घालायची. "त्या निळ्या लुगड्यावालीले परत बोलाव. तिनं तो दुधाचा गंज दोनदा हातात घेतला." दिवसभर घरात ती फारसं बोलत नसे. तिचा दिवस त्या पायरीवर बसल्यावर सुरू व्हायचा. नागपुरात तिच्या मालकीचं काही असेल तर ते एवढंच होतं, आपल्या पायानं रस्ता ओलांडून येणं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा जीप आली. साहेब चांगला दिसत होता. इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. माझ्याच ओट्याच्या वरच्या पायरीवर त्यानं आपलं चित्र पसरलं. दोन्ही बाजूंना झाडं, झाडांखाली ऐसपैस फूटपाथ, छत्री घेतलेली बाई, पोराचा हात धरलेला माणूस, सायकलींसाठी वेगळी पट्टी. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या चित्रात मोटार म्हणाल तर एकही नव्हती. मला तिथंच खटकायला पाहिजे होतं.

"तुम्ही फक्त ओटे आणि पत्र्याच्या पडव्या काढा," तो म्हणाला. "बाकी सगळं आमच्याकडं."

ओळीतले दुकानदार गोळा झाले. मग कापडवाला म्हणाला, "ताई, तुम्हीच बोला. साहेब तुमच्यापुढं टिकायचा नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. मी पदर खोचला आणि सुरू केलं.

"रस्त्याच्या मधे हे काय दाखवलं?"

"लोखंडी कठडा, ताई. सुरक्षेसाठी."

"मग त्याला फट पाहिजे. गल्लीसमोर माणूस पलीकडे जाईल अशी. आमच्या ओळीत तीन." मला एकच हवी होती, आमच्या गल्लीसमोरची. पण एक हवी असताना एक कोण मागतं?

"तीन? देऊ."

"रस्त्याकडेचे कडुनिंब तोडायचे नाहीत."

"कशाला तोडायचे?"

"म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक."

"जरूर. लोक बसले तर रस्त्याला शोभा येते."

"आणि आधी फूटपाथ बांधा, मग आम्ही ओटे काढतो."

इथं तो हसला. "ताई, ओटे निघाल्याशिवाय फूटपाथ कुठं बांधू? आधी ओटे." मी खूप ताणलं. आधी अर्धी ओळ काढू, पाहू, मग अर्धी, असं सुचवून बघितलं. तो तसूभर सरकला नाही. बाकी सगळं मिळालं होतं, म्हणून शेवटी मी ते सोडलं.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "तीनच्या तीन देतो म्हणे?"

"हव."

"दोन तरी म्हणाला असंन पहिले."

"नाई म्हणाला. लगेच हव म्हणाला."

"मंग तो देत नाई वं. ज्याले द्याचं असते तो कमी करते."

मी तिच्यावर ओरडले. साहेब लोक बाजारात बसत नाहीत, त्यांची रीत वेगळी असते, तुले काय समजते, असं बरंच काही. ती तांदूळ निवडत बसली. पण रात्रभर मला झोप लागली नाही. सगळ्या सौद्यात त्या माणसानं एकाच गोष्टीसाठी घासाघीस केली होती, आणि ती त्याला हवी असलेली होती. बाकीच्या गोष्टी त्याला द्यायच्याच नव्हत्या, मग तो कशाला कमी करील? पण सकाळी ओळीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बोलणी मी केली होती. पहिला ओटा माझा निघाला. तोच गवंडी आला होता. या वेळी तो हसला नाही.

पुढं काय झालं ते सदरमधल्या कोणालाही विचारा. कडुनिंब गेले. आम्ही आरडाओरडा केला तर ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, मुळं रस्त्यात येतात. रस्ता रुंद झाला आणि रुंद झाल्याबरोबर भरून गेला. ट्रक, स्कूटर, मोटारी. चित्रात नसलेल्या सगळ्या आल्या आणि चित्रात असलेलं काहीच आलं नाही. फूटपाथ झाला तो एक माणूस कसाबसा मावेल एवढा आणि चढायला इतका उंच की धडधाकट बाईनंही लुगडं वर धरावं. त्यात विजेचे खांब रोवले. उरलेल्या जागेत स्कूटरी उभ्या राहू लागल्या. सायकलींची पट्टी म्हणजे नालीकाठची खडी. त्यांना एक पाय टेकवून थांबायला जागाच उरली नाही. थांबले की मागून हॉर्न. काटोलच्या बायका बसमधून उतरून टोपली डोक्यावर तशीच ठेवून पुढं चालू लागल्या. आणि मधोमध तो कठडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. तीन राहू द्या, एकही फट नाही.

कठडा लागला त्या संध्याकाळी माय नेहमीसारखी गल्लीच्या तोंडाशी आली. मला दुकानातून दिसत होती. ती रस्त्यात दोन पावलं उतरली, कठड्याकडे बघितलं, परत मागं झाली. मी हाक मारली. ट्रक चालले होते, तिला ऐकू गेली नाही. तिनंही काहीतरी म्हटलं, तोंड हललेलं दिसलं. मग ती वळून गल्लीत गेली.

चौकापर्यंत जाऊन, तिथून ओलांडून, पुन्हा तेवढंच मागं यायचं, हे तिनं एकदा करून बघितलं. आली तेव्हा तिच्या तोंडाला रंग नव्हता. बसायला पायरी नाही, म्हणून मी दुकानात स्टूल दिलं. भांड्यांच्या आड तिला रस्ता दिसेना. "इथं बसून काय करू? भिंतीले पाहू?" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मी रिक्षा सांगितली. रिक्षावाला दारात उभा आणि ही घरातून बाहेर येईना.

"काहून नाई येत?" मी विचारलं.

"सारं नागपूर मी डोक्यावर टोपली घेऊन पायानं केलं. आता समोरच्या दुकानात जायले रिक्षा? लोक काय पाहाले येतीन का मले?"

मी कचेरीत गेले. तो मऊ बोलणारा साहेब बदलून गेला होता. बढतीवर. त्याच्या जागी आलेल्यानं मला बसा म्हटलं नाही. मी मायचं आणि तीन फटींचं सांगितलं तर म्हणाला, "असं काही ठरल्याचं आमच्याकडं नाही."

"ठरलं होतं. ओळीतल्या सगळ्यांसमोर."

"बाई, लोक कुठूनही मधेच रस्ता ओलांडतात, म्हणून तर कठडा लावला."

"लोक मधेच ओलांडतात, कारण त्यांची घरं मधेच आहेत, साहेब. चौकात कोणी राहत नाही."

"फट ठेवली तर वाहतूक अडते."

"वाहतूक म्हणजे कोण?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडी आहे. "गाड्या, बाई. गाड्या."

"आणि चालणारी माणसं?"

"त्यांच्याच सुरक्षेसाठी आहे हे सगळं. तुमच्या आईचं वय काय? या वयात घरी आराम करू द्या ना त्यांना."

तिथं माझा तोल गेला. मी काय बोलले ते लिहीत नाही. चपराशानं दार उघडून धरलं आणि मी बाहेर आले.

त्यानंतर एका दुपारी रोजच्या सायकलवाल्यांपैकी दोघांनी करवत आणली आणि आमच्या गल्लीसमोरचा एक गज कापून काढला. भर उन्हात, लोखंड हाताला चटके देत होतं, पोत्याचं फडकं गुंडाळून कापला. पोलीस चौकात उभा होता, त्यानं पाठ फिरवली. त्या संध्याकाळी माय आली. वाहनांच्या मधून, दोनदा थांबून, पण आपल्या पायानं आली. मला वाटलं, जमलं. आठवडा उलटायच्या आत वेल्डिंगवाला येऊन तिथं एकाऐवजी दोन गज जोडून गेला. बाकासाठी त्यांना माणूस मिळाला नाही, उंच फूटपाथाला एक पायरी करायला मिळाला नाही, यासाठी मात्र आठवड्यात मिळाला.

माय पुन्हा आली नाही. आता ती खाटेवर असते. गुडघे आखडले आहेत. डॉक्टर म्हणतात, रोज थोडं चालवा. मी विचारते, कुठं चालवू? गल्लीत आता स्कूटरी उभ्या असतात. धरून उठवलं तर दारापर्यंत येते, तिथून ट्रकांचा आवाज ऐकते आणि म्हणते, "चाल, मांगं चाल." माझ्या धंद्यात काय चाललं आहे हे ती विचारत नाही. मी मुद्दाम सांगते, आज अमकीनं असं केलं, तमकीनं तसं केलं. ती हं म्हणते.

मला कोणी सांगू नका की ही एका म्हातारीची गोष्ट आहे. पण समजा तेवढीच असली, तरी उत्तर कोण देणार? ज्या साहेबानं फटी, झाडं, बाक या माझ्या तीनही मागण्यांना हव म्हटलं तो कुठंतरी मोठ्या खुर्चीत बसला असेल आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या कोणाच्या ओट्यावर चित्र पसरत असेल. त्यानं यावं. मायच्या खाटेपाशी बसावं आणि द्यायचं नव्हतं तर हव का म्हटलं, हे तिला तोंडावर सांगावं. तो येत नसेल तर त्याच्या जागी आज जो आहे त्यानं यावं, आणि चौकातून नाही, माझ्या दुकानापासून सरळ समोर चालत यावं. कसं येतो ते मी बघते. दुकान बंद ठेवून मी घरी थांबायला तयार आहे. वार त्यांनी सांगावा.