सर आणि बाईंचं हनिमून पॅकेज

"मोटर जळाली म्हण. टाकीत पाणी न्हाई म्हण. काय म्हणायचं ते म्हण, पण दुपारपर्यंत ती खोली रिकामी कर," मालक फोनवर म्हणाले.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बागेत पाइप चालू होता आणि मोगऱ्याच्या आळ्यात पाणी जात होतं.

"अण्णा, मोटर चांगली हाय."

"मला मोटरीचं सांगू नकोस. मी निघालोय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी तेव्हा बिदर जिल्ह्यात, चिटगुप्प्याच्या पुढं, डोंगराच्या उतारावर असलेल्या एका रिसॉर्टची मॅनेजर होते. लाल जांभ्या दगडाच्या कॉटेज, समोर दरी, पलीकडं सागाचं रान. माझं गाव खजुरी. बरीच वर्षं पुण्यात हॉटेलांत काम करून मी आपल्या भागात परत आले होते.

नव्या जोडप्यांसाठी आमच्याकडं हनिमून पॅकेज होतं. म्हणजे गादीवर फुलं, आणि संध्याकाळी दरीच्या कडेला दोघांचंच टेबल, मेणबत्त्या लावून. आदल्या दिवशी असंच एक बुकिंग होतं. गाडीतून उतरले ते पांढऱ्या केसांचे सर आणि त्यांच्यामागून हातात पिशवी घेतलेल्या बाई. सर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बाई आळंदकडच्या, जन्मभर नर्स. दोघांचेही जोडीदार वारलेले. मागच्याच आठवड्यात त्यांनी रजिस्टर लग्न केलं होतं.

आमचे आचारी उस्मानभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, इनोके बिस्तर पे भी फुलां डालना क्या?"

"पॅकेजमध्ये हाय ना? मग घाला."

फुलं बघून सर अवघडले. म्हणाले, "माझ्या पहिल्या लग्नात असलं काही नव्हतं. हळद उतरायच्या आत मी परीक्षेचे पेपर तपासायला बसलो होतो."

"या खेपेला पिशवीत पेपर हायत का, ते आधी बघते," बाई म्हणाल्या. मी दार ओढून घेतलं, तरी आतलं हसू बाहेर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा मुलगा आला. महेश नाव, बिदरला हार्डवेअरचं मोठं दुकान. आमच्या मालकांचा मित्र. त्याच्या ओळखीनं आमच्याकडं बरेच साखरपुडे व्हायचे.

"आमचे वडील कोणत्या खोलीत हायत?" त्यानं विचारलं.

हॉटेलच्या धंद्यात एक नियम आहे. गेस्ट आपल्याकडं उतरलाय की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय कुणालाच सांगायचं नाही. पोलिसांची गोष्ट वेगळी.

"ते इथं हायत का, हेसुद्धा मी सांगू शकत न्हाई. तुम्ही बसा, चहा घ्या."

"मी मुलगा हाय त्यांचा."

"असाल. तरी न्हाई."

त्यानं तिथूनच मालकांना फोन लावला. मोटर जळाली म्हण, हा मालकांचा फोन मला आला तो त्यानंतर.

मी कॉटेजवर गेले आणि दोघांना खरं ते सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. "मागून वाट आहे का? आम्ही निघतो. तुम्हाला त्रास नको," ते म्हणाले आणि बॅग ओढायला लागले.

बाईंनी त्यांचा हात धरला. "कामून जायचं? आपण काय चोरी करायलोय का? जेवायची वेळ झालीय. चला."

दोघं डायनिंग हॉलमध्ये आले आणि बाईंनी मधलंच टेबल निवडलं.

महेश तिथंच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. ओरडेल असं मला वाटलं होतं, पण त्याचा आवाज रडवेला झाला होता. "अप्पा, पोरीची सोयरीक जमायलीय. पाहुणे विचारायलेत, तुझे वडील कुठं गेलेत म्हणून. मी काय सांगू?"

सर ताटाकडं बघत राहिले. बोलल्या त्या बाई. "सांग की, लग्न केलंय अन् डोंगरावर फिरायला गेलेत. लपवशील तर रोज विचारतील. सांगितलंस तर दोन दिवस बोलून गप्प बसतील."

"मी तुमच्याशी बोलत न्हाई."

आता सरांनी मान वर केली. "मग माझ्याशीही बोलू नकोस," ते सावकाश म्हणाले. "बोलायचं असेल तर खुर्ची ओढ आणि जेव."

महेश न जेवताच निघून गेला. सरांनी भाकरी मोडली, पण घास बराच वेळ हातातच होता.

तेवढ्यात मालक पोचले. मला ऑफिसमध्ये बोलावून त्यांनी विचारलं, "हे रिसॉर्ट कुणाचं हाय?"

"तुमचं."

"मग माझं सांगितलेलं का होईना?"

"तुम्ही स्वतः जाऊन सांगा, अण्णा. ते जेवायलेत. मी सांगणार न्हाई अन् खोटंही बोलणार न्हाई."

मालक हॉलच्या दारापर्यंत गेले. बाई सरांच्या वाटीत आमटी वाढत होत्या. मालकांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि ते परत येऊन म्हणाले, "निदान संध्याकाळचं ते टेबल तरी मांडू नको. रस्त्यावरून दिसतंय."

"पॅकेजमध्ये हाय," मी म्हणाले.

संध्याकाळी मी ते टेबल स्वतः मांडलं. वाऱ्यानं मेणबत्त्या विझायला लागल्या, तेव्हा उस्मानभाईंनी काचा आणून लावल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन-तीन गाड्यांचा वेग कमी झाला. बाईंनी एका गाडीला हात केला. सरांनीही, जरा उशिरानं.

ठरल्याप्रमाणे सगळे दिवस राहून ते गेले. महेशच्या ओळखीची कामं बंद झाली आणि सीझन संपल्यावर मालकांनी मला दुसरीकडं बघायला सांगितलं. वाईट वाटलं. ती दरी मला आवडायची.

आता मी गाणगापूरला एका लॉजची व्यवस्था बघते. कामावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते, चादर धुतलेली आहे का आणि पाणी गरम आहे का, एवढंच आपलं काम. कुणी कुणाबरोबर आणि कोणत्या वयात यावं, हे आपण ठरवायचं नाही. मालकानंही नाही. यापायी नोकरी जाऊ शकते, हेही सांगते. दुसरी मिळते.