खांद्याचं माप

विद्यापीठाचे काळे झगे शिवणाऱ्या टेलरबाई एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लेकीची नेमणूक झाली आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. गिऱ्हाईक पँटची चेन बदलायला आलं, तरी त्याने आधी बातमी ऐकायची, मग चेन. "स्त्री-अभ्यासाचं नवं अध्यासन निघालंय. पहिली प्राध्यापक माझी मुलगी!" अध्यासन म्हणजे काय, असं कुणी विचारलंच तर कात्री खालीच. चौकातल्या औषधवाल्या बाईंनी आपलं दुकान विकून सगळी रक्कम विद्यापीठात ठेवली होती. तिच्या व्याजावर एक प्राध्यापक कायमची नेमायची आणि तिने बायकांच्या जगण्याचा, कामाचा अभ्यास करायचा. "बायकांचं राबणं कुणाच्या खिजगणतीत नसतं ना, ते ही उजेडात आणणार," एवढं सांगून झालं की त्या पुन्हा कात्री उचलत.

झग्यांचं काम सासऱ्यांपासून चालत आलेलं. नवरा गेला तेव्हा दुकान बंदच होणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दिराने तर शिलाई मशीनला गिऱ्हाईकही आणलं. टेलरबाईंनी त्या दोघांना दारातूनच वाटेला लावलं. मग सासऱ्यांचा पुठ्ठ्याचा फर्मा कापडावर ठेवला, कडेने खडू फिरवला आणि कात्री चालवली. त्या फर्म्यावर किती प्राध्यापक आणि किती कुलगुरू कापून काढले, त्याला गणती नाही.

लेकीचा झगा त्यांनी जीव ओतून शिवला. लेक परगावी असायची, ती अध्यासनाच्या उद्घाटन समारंभाच्या दिवशी सकाळीच आली. हौसेने झगा अंगात घातला, तर खांदे निम्म्या दंडापर्यंत उतरले.

पोटच्या पोरीचं माप झोपेतही सांगितलं असतं टेलरबाईंनी, पण झगा म्हटल्यावर हात आपोआप फर्म्याकडे गेला होता. आणि फर्मा पुरुषांचा.

"असू दे गं आई, पिना लावते. आम्ही सगळ्याच लावतो."

"सगळ्या म्हणजे?"

"बायका प्राध्यापक. समारंभाच्या आधी एकमेकींच्या खांद्यांना पिना लावत बसतो."

"इतकी वर्षं? आणि मला कुणी चकार शब्दाने बोललं नाही?"

"आम्हाला वाटायचं, आपलेच खांदे लहान."

टेलरबाईंना लाज वाटली, राग आला, आणि सगळा राग स्वतःचाच. मग त्यांनी दोन्ही खांदे उसवले, झगा लेकीच्या अंगावर ठेवून नव्याने आखला आणि शिवायला घेतला.

"आई, आजच्या भाषणात हे सांगू?"

"माझी फजिती? भर सभेत?"

"फजिती कसली? मी ज्याचा अभ्यास करते ना, ते हेच आहे."

जन्मभर कमावलेलं नाव एका भाषणात मातीला मिळणार होतं. टेलरबाईंनी दोरा दाताने तोडला. "सांग. पण मी मागच्या रांगेत बसेन."

लेकीने खरंच सगळं सांगितलं, पिनांसकट. सभागृहात हशा पिकला. टेलरबाई मान खाली घालून पदरी पडलेलं ऐकत होत्या. हशा ओसरल्यावर लेक म्हणाली, "आज सकाळी माझ्या आईने हे खांदे उसवले आणि पुन्हा शिवले. आपल्या विद्यापीठात बाईच्या मापाचा हा पहिला झगा."

पहिल्या रांगेत औषधवाल्या बाई उठून टाळ्या वाजवू लागल्या, पाठोपाठ सगळं सभागृह उठलं. माझी लेक, माझी लेक, असं टेलरबाई शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटल्या.

कार्यक्रम संपल्यावर वनस्पतिशास्त्राच्या वयस्कर प्राध्यापक बाई तडक मागे आल्या. खांद्यांच्या पिना काढून त्यांनी टेलरबाईंच्या तळहातावर ठेवल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "घ्या माप."

टेप घरी राहिली होती. टेलरबाईंनी वीत लावली. बघता बघता बाईंच्या मागे दुसऱ्या बाई, त्यांच्या मागे तिसऱ्या, अशी रांग दारापर्यंत गेली. तेवढ्यात कुलगुरू अभिनंदन करायला लगबगीने पुढे आले.

"साहेब, जरा थांबा," टेलरबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या मापाचे पुष्कळ शिवून झालेत."