सर्व्हरचा पहारा आणि नळाचं पाणी

आमच्या मोहल्ल्यात नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि कधी येणार ते फक्त व्हॉल्व्ह सोडणाऱ्या चाचांना ठाऊक असतं. शाळेत कॉम्प्युटर शिकवण्याच्या नोकरीतून मोकळा झालो तरी मला स्वस्थ बसवेना, म्हणून मी एक वेबसाइट काढली. चाचांनी पाण्याची वेळ टाकायची, लोकांनी मोबाइलवर पाहायची, एवढंच तिचं काम. सर्व्हर मुंबईतला, भाड्याचा. रुबाब मात्र माझा.

एकदा सर्व्हरवरच्या नोंदी चाळल्या आणि हादरलोच. कुठकुठच्या देशांतून कोणीतरी दर मिनिटाला आमचा पासवर्ड ओळखायला दार ठोठावत होतं. वाशिमच्या नळावर साऱ्या जगाचा डोळा! मी चिडून सर्व्हरच्या दारावर पहारेकरी म्हणून लिनक्सची फायरवॉल बसवली. लागतील तेवढी दारं उघडी, बाकी सगळी बंद, आणि पाचदा पासवर्ड चुकवेल त्याला दिवसभर बंदी. आता या म्हणावं! दोन दिवस मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

तिसऱ्या दिवशी घरात नातीच्या बारशाची गडबड. बारसं उद्यावर, आणि ड्रम कोरडे ठणठणीत. बायको बाजारात जाता जाता बजावून गेली, "अवो, पाणी आलं की आधी ड्रम भरजा. कॉम्प्युटरात डोकं घालून बसू नोका."

तीनच्या सुमारास चाचा दारात हजर, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी. "सर, उद्या लायनीचं काम हाय, म्हणून आजच चार वाजता पाणी सोडून राह्यलो. पण तुमची वेबसाइटच उघडून नाही राह्यली."

माझ्याकडेही उघडेना. सर्व्हरमध्ये शिरायचं माझं स्वतःचं दारसुद्धा बंद! मला घाम फुटला. तेवढ्यात अनसिंगहून बहिणीचा फोन आला. "दादा, वेबसाइटवर तं पाणी उद्या दाखवून राह्यलं. बारशाच्या सैपाकाले पुरन का?"

म्हणजे अनसिंगला उघडत होती, बंद होती ती आम्हालाच. मी चाचांना विचारलं, "पासवर्ड कोणी चुकवला का?"

"माहे हात ओले असतात ना सर. ज्याच्या दारी उभा असलो, त्यालेच त्याच्या मोबाइलवर टाकाले लावतो. सकाळी सहा-सात जणायनं टाकून पाह्यला. पाठ हाय साऱ्यायले, पण थोडा थोडा."

मी कपाळावर हात मारला. मोहल्ल्यात सगळ्यांचं इंटरनेट एकाच केबलवाल्याचं, बाहेरून पत्ता एकच दिसणार. फायरवॉलला वाटलं, एकच चोर सारखा चुकतोय. तिनं त्याला हाकललं, आणि त्याच्यासोबत अख्खा मोहल्ला गेला.

चाचा वेळ सांगायला गल्लोगल्ली ओरडत निघाले. मी मोबाइलचं नेट धरायला गच्चीवर चढलो, कारण खाली सिग्नलची एक काडीसुद्धा मिळत नाही. तिथे उन्हात डोळे बारीक करत, तुटणाऱ्या नेटशी झगडत कसाबसा सर्व्हरमध्ये शिरलो, बंदी उठवली, वेळ टाकली: आज चार वाजता. मोठ्या ऐटीत घड्याळ पाहिलं तर पावणेपाच. आमच्याकडे पाणी अर्धा तास टिकतं.

तसाच जिना उतरू लागलो. उद्या पन्नास माणसं जेवायला, आणि बायकोनं सांगितलेलं एक काम मी केलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल. धावत नळाशी गेलो, तोटी फिरवली, तर पाणी धो धो! मी वेड्यासारखा ड्रमाकडे नळी ओढत सुटलो.

चाचा फाटकाशी उभे होते. "बंद करायच्या आधी एक चक्कर मारतो मी, कोणाचं राह्यलं का पाह्याले. तुमचे ड्रम कोरडे दिसले."

मी पाचदा चुकणाऱ्यावर दार लावून मोकळा झालो होतो; बाहेर कोण राहिलं ते पाहायचं मला सुचलंही नव्हतं. लाज वाटली, आणि हसूही आलं.

"करू का बंद, सर?"

"एक ड्रम राहिला, चाचा," मी म्हणालो. ते चावीवर टेकून उभे राहिले.