टीपॉयवर राहिलेला नानांचा मोबाइल

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, कानाची मशिनं घेतली तेव्हा कितीतरी दिवस ती डबीतच पडून होती. "बठ्ठा कालवा ऐकू येस, मानूस काय बोलस ते नही," ही त्यांची तक्रार. शेवटी माझ्या मुलीने ती त्यांच्या मोबाइलला जोडून दिली. मोबाइल टीव्हीपाशी ठेवायचा, की बातम्या थेट कानात. नाना बाहेर ओट्यावर बंगईत झुलत बातम्या ऐकू लागले, टीव्हीचा दणदणाट थांबला आणि घरात आम्हाला एकमेकांचे आवाज परत ऐकू आले.

त्याच सुमारास धुळ्याहून मंडळी मुलीला बघायला जळगावला आली. मुलगा आणि त्याचे आईवडील. वडील फारच समंजस वाटले. आमच्या ह्यांनी साधं लग्न करू म्हटलं, त्यांनी मान डोलावली. मुलगी नोकरी सोडणार नाही म्हटलं, तरी डोलावली. नाना रामराम करून ओट्यावर गेले. पोहे झाल्यावर मी चहा टाकायला आत गेले, मुलगी माझ्या मागे आली आणि हे पान आणायला चौकात गेले.

चहा झाला. मुलाची आई ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, "घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो."

तेवढ्यात ओट्यावरून नाना ओरडले, "आते कसाना इचार? पोऱ्या तं हा म्हनी ऱ्हायना! आन पोह्यामां मीठ कमी व्हतं, ते बी खरं शे!"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याची आई माझ्याकडे बघू लागली, मी टीपॉयकडे. नानांचा मोबाइल बशीशेजारी आरामात पडलेला.

"त्यांना ऐकू येत नाही म्हणाला होतात ना?" बाई अगदी हळू म्हणाल्या.

"येस ना," बाहेरून उत्तर आलं. "हाई बी ऐकू उनं."

माझी मुलगी हसत बाहेर आली. "मला कुणी विचारणार आहे की नाही? मी आधी ह्यांच्याशी बोलणार." दोघं कोपऱ्यावर रस प्यायला गेली.

इतकं सगळं झालं तरी मुलाचे वडील शांतपणे मान डोलावतच होते. मग एकदम मोठ्याने म्हणाले, "काय झालं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "ह्यांनी आल्यापासून एक अक्षर ऐकलेलं नाही. मशीन घ्या म्हटलं की रुसतात."

नानांनी त्यांना ओट्यावर बोलावलं, शेजारी बसवलं आणि दोन्ही मशिनं काढून तळहातावर दाखवली. "पयले कालवा वाटस. मंग सवय व्हई जास. माले काहीच तरास झाया नही," डबीवाले नाना सांगू लागले.

मुलं परत आली तेव्हा दोन्ही म्हातारे बिनमशिनीचे, एकमेकांच्या कानाशी ओरडत बसले होते. नात आजोबांजवळ वाकून काहीतरी म्हणाली. नानांनी ते व्याह्यांना समजावून सांगितलं.

आमच्याकडे पसंती झाली, हे समोरच्या काकूंनीच मला फाटकातून सांगितलं.