धवलारीण आणि टेलिफोन

मी तेव्हा पत्रकं वाटायचे. जमिनी गेल्या, नोकऱ्या कुठायत, असली. आमच्या करावे गावात माझं पत्रक न वाचलेला माणूस नव्हता आणि वाचून काही केलेलाही नव्हता.

माझी आत्या गावची धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगाण्यांवर, पुढं सरकतात. ती गप्प, तर हळदही थांबते. हाच गळा ऐकून टीव्हीवाल्यांनी तिला गायला बोलावलं. तिथं ती आपल्या गावच्या बोलीत चार वाक्यं बोलली आणि सगळे हसले. झालं! गाणं रद्द, विनोदी मालिकेत मोलकरणीचं काम चालू. काम काय, तर साहेबांकडे टेलिफोन वाजला की "आयो!" ओरडून चक्कर येऊन पडायचं. दर आठवड्याला.

मी पेटले. पत्रक काढलं: 'गावात टेलिफोनची तार नाही आणि आमच्या बाईला टेलिफोननं पाडता? जाहीर निषेध!' आत्याला वाचून दाखवलं.

"सोफा न मोडता पडाला किती अक्कल लागते, तुला म्हाईत हाय?" ती म्हणाली.

मग आळीतल्या एका लग्नात भानगड झाली. आत्या धवला गायला बसली. पहिली ओळ, देवांना आवतण. मागून कुणीतरी ओरडलं, "ट्रिंग ट्रिंग!" मांडवभर हशा. नवरदेवसुद्धा मुंडावळ्या सावरत हसला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ट्रिंग. तिसऱ्यांदा तिनं नुसतं तोंड उघडलं, तर बाजूच्या बाया ती पडणार म्हणून सरकून जागा करायला लागल्या.

नवरीची आई रडकुंडीला आली. "आक्का, तुमी उठा. दुसरी धवलारीन आनतो. माजे पोरीचं लगीन हाय, टीवी नाय."

आत्याचा चेहरा पडला. धवले तिला तिच्या आईनं दिलेले. ते गेले तर तिच्याकडे फक्त चक्कर उरणार होती.

मी उठून भाषण ठोकलं. हसताय कुणाला? स्वतःच्याच बोलीला? मांडव आणखी हसला. त्यांना वाटलं, मलाही मालिकेत घेतलंय.

तेवढ्यात आत्यानं नवरानवरीमध्ये धरायचा अंतरपाट उचलून माझ्या अंगावर फेकला. "भाशन बास. धर ह्यो माजे तोंडाफुडं."

"आत्या, तोंड लपवायचं? हा तर अपमान..."

"तोंड टीवीचं झालं. गला माजा हाय. धर!"

धरला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवरीचा मामा. कपड्यामागून धवला सुरू झाला. एकदा ट्रिंग आलीच. पण पडणारी बाई दिसेना, तेव्हा ओरडणाराच ओशाळला. हळूहळू सगळे गप्प झाले. धवल्यातून पूर्वजांना बोलावणं गेलं तेव्हा नवरीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. मामाही मुसमुसायला लागला, त्याची बाजू खाली येऊ लागली, आणि मी दातओठ खात "वर, मामा, वर!" करत होते. दुसरी धवलारीण आणायचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्याच आठवड्यात उरणहून लग्नाचं बोलावणं आलं. धवलारीण पाहिजे, आणि कपडा धरणारी ती पत्रकवालीपण. मी लेखी नकार तयार केला, कारणांसकट. तोवर आत्यानं आम्हा दोघींचा होकार कळवून टाकला होता.